मुलीला शास्त्रीय गायन हाच व्यवसाय करायचा आहे. पदवीनंतर पुढे काय?

आपली मुलगी एकवीस वर्षांची आहे, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, लहानपणापासून एकाच गुरूंकडे ख्याल (रागाचा विस्तार करत गायचा शास्त्रीय गायनप्रकार) शिकते आहे, संगीताची विशारद परीक्षा उत्तीर्ण झाली आहे, दोन आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पहिली आली आहे आणि पदवीनंतर आपल्याला फक्त गायचेच आहे असे म्हणते, असे आपण लिहिले आहे. त्यावर आपले तीन प्रश्न आहेत: यात पोट भरते का, कार्यक्रम मिळवण्यासाठी कोणाला भेटावे, आणि नोकरी सांभाळून हे जमेल का. मी पुण्यात बरीच वर्षे गाते आणि शिकवते, त्या अनुभवावरून उत्तर देते. क्रम मात्र थोडा बदलते, कारण दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा झाल्याशिवाय पहिल्याचे उत्तर नीट देता येत नाही.

कार्यक्रम मिळवण्यासाठी कोणाला भेटावे, हा प्रश्न पुण्यात तरी फार महत्त्वाचा नाही. पं. भास्करबुवा बखले यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या भारत गायन समाजापासून ते पेठांतल्या आणि उपनगरांतल्या छोट्या संगीत मंडळांपर्यंत येथे इतक्या संस्था नवोदितांना ऐकतात की, बऱ्यापैकी गाणाऱ्या मुलीला पहिली संधी गुरूंच्या एका शब्दावर मिळून जाते. गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट यांची त्यात भर पडते. खरा निकष त्यापुढचा आहे. ज्या संस्थेने तिला एकदा बोलावले, ती संस्था दोन-तीन वर्षांनी आपण होऊन पुन्हा बोलावते का? गायकाचा व्यवसाय या दुसऱ्या बोलावण्यांवर उभा राहतो, आणि ते बोलावणे ओळखीने किंवा पारितोषिकांच्या यादीने येत नाही. म्हणून पुढची चार-पाच वर्षे तिने भेटीगाठींपेक्षा तयारीवर खर्च करावीत असे मी म्हणते, आणि ‘तयारी’ म्हणजे येथे मला नेमके काय अभिप्रेत आहे ते थोडे विस्ताराने सांगते.

विशारदपर्यंतचा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला अनेक रागांची ओळख करून देतो. प्रत्येक रागाचे चलन म्हणजे त्याची स्वरांची चाल, एखादी विलंबित (संथ) आणि एक द्रुत (जलद) बंदिश, थोडे आलाप, थोड्या ताना आणि शेजारच्या रागांशी तुलना एवढे त्यात येते, आणि पाया म्हणून ते उपयोगाचेच आहे. स्पर्धेत दहा-पंधरा मिनिटांत सगळे दाखवायचे असते, त्यामुळे तेथे गळ्याची चपळाई आणि आखीव मांडणी जिंकते. मैफलीत मात्र तिला एका रागात पाऊण तास राहायचे आहे. पंधरा मिनिटांची पाठ केलेली मांडणी पाऊण तासाला पुरत नाही. ती संपली की मुले तीच जागा पुन्हा घेतात किंवा वेळेआधी तानांवर जातात, आणि पुढे बसलेल्या जाणत्या श्रोत्याला ते तालाच्या दुसऱ्याच आवर्तनात कळते. आपली मुलगी आज पाठ केलेले काहीही न वापरता, साध्या ठेक्यावर, एका रागात अर्धा तास बढत, म्हणजे रागाचा क्रमाक्रमाने विस्तार, करू शकते का, ते तिला स्वतःलाच तपासू द्या. जमत नसेल तर त्यात काळजीचे काही नाही, या वयात फार थोड्यांना जमते. पण पुढच्या काळात शिकायचे ते हेच. दहा-बारा रागांवर अशी पकड आली की उरलेल्या रागांना हात घालण्याची रीत आपोआप उमगते. चाळीस राग वरवर येऊन ती उमगत नाही.

हे दहा-बारा राग कोणते, याकडे गुरुजनांचेही कधीकधी दुर्लक्ष होते. स्पर्धेसाठी मुली साधारणपणे यमन, बागेश्री, बिहाग किंवा मालकंस बसवतात. परंतु महोत्सवाच्या सत्रात ज्येष्ठ कलाकार शेवटी गातात आणि नवोदिताला सत्राची सुरुवात करावी लागते. रागांच्या गायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे सत्र दुपारी तीन-चार वाजता सुरू होत असेल तर तिच्या वाट्याला भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी हे राग येतात, आणि थोडे उशिरा बसली तर पूरिया धनाश्री, मारवा किंवा श्री. ज्या मुलीचा सगळा जोर रात्रीच्या रागांवर आहे, तिला आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या व्यासपीठावर कमी सवयीचा मुलतानी मांडावा लागतो, आणि त्यातले कोमल रिषभ-धैवत (उतरे रे आणि ध) नेमके लागायला फार तालीम मागतात. सकाळच्या सत्रासाठीही तोडी, अहिर भैरव, अल्हैया बिलावल यांपैकी दोन तरी राग पक्के हवेत, कारण पुण्यात सकाळच्या मैफली पुष्कळ होतात. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. त्यामुळे 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर रंगणाऱ्या बैठकाही आता इतिहासजमा झाल्या आहेत. उत्तररात्रीचे राग व्यासपीठावरून जवळजवळ हद्दपार झाले, याचे मला दुःख आहे, पण व्यवसायाचा विचार करताना हे वास्तव धरूनच राग निवडले पाहिजेत. शिवाय आधीच्या कलाकाराने जो राग गायला तो नंतरच्याने टाळावा असा संकेत आहे, म्हणून प्रत्येक प्रहरासाठी एक राग हाताशी असून भागत नाही, दोन लागतात.

वेळेचाही अभ्यास करावा लागतो. आयोजक पन्नास मिनिटे म्हणाले तर तानपुरे सुरात मिळवण्यापासून शेवटच्या अभंगापर्यंत सगळे पन्नास मिनिटांत बसले पाहिजे. पस्तीस मिनिटांचा ख्याल, पंधरा मिनिटांचा ख्याल आणि दोन तासांची स्वतंत्र मैफल या तीन वेगळ्या रचना आहेत, मोठीच आखडून छोटी होत नाही. वेळ ओलांडणाऱ्या नवोदिताला पुढच्या कलाकाराच्या आणि आयोजकाच्या मनातून उतरायला एक संध्याकाळ पुरते.

आता गुरूंविषयी. मुलगी एकाच गुरूंकडे इतकी वर्षे आहे, ही आपण लिहिलेल्या सगळ्या माहितीतली मला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट. तिने त्यांच्या मागे तानपुऱ्यावर बसण्याची प्रत्येक संधी घ्यावी, मग तो कार्यक्रम सांगलीला असो की धारवाडला. समोर श्रोते थंड आहेत, ध्वनिव्यवस्था बिघडली आहे, तबल्याची लय चढते आहे, अशा वेळी गुरू काय करतात हे शिकवणीच्या खोलीत कधीच दिसत नाही. मागे बसलेल्या शिष्येने मध्येच मिळालेल्या इशाऱ्यावर घेतलेला एक स्वच्छ आलाप आयोजकांच्या आणि दर्दी श्रोत्यांच्या कानावर पडतो, आणि ‘ही कोण?’ हा प्रश्न तेथेच विचारला जातो. पं. भीमसेन जोशी यांची पुण्यातली गाजलेली सुरुवातीची मैफल 1946 मध्ये गुरू सवाई गंधर्व यांच्या षष्ट्यब्दीच्या समारंभात झाली, हे आपल्याला ठाऊक असेल. तेव्हाही शिष्य लोकांपुढे आला तो गुरूंच्या निमित्ताने, आणि त्याआधी गुरूच्या शोधातली भटकंती व कुंदगोळला गुरूंकडे घेतलेली कठोर तालीम होऊन गेलेली होती.

गुरूंच्या खालोखाल तिचे नाव पसरवणारे लोक म्हणजे तबलावादक आणि संवादिनीवादक. ही मंडळी महिनाभर गावोगाव निरनिराळ्या गायकांबरोबर वाजवत असतात आणि नवीन कोण चांगले गाते हे आयोजक त्यांनाच विचारतात. जी मुलगी साथीदाराला आधी बोलावून ताल आणि लय नीट सांगते, मैफलीत त्याला वाजवायला जागा देते, श्रोत्यांसमोर त्याच्याकडे डोळे वटारत नाही आणि त्याचे मानधन त्याच रात्री हातात देते, तिची शिफारस न मागता होते. लहान कार्यक्रमांत आयोजक अनेकदा सगळ्यांचे मिळून एकत्र पाकीट गायकाकडे देतात. त्यातून साथीदारांचे, तानपुऱ्यावर बसलेल्या मुलींच्या रिक्षाचे आणि बाहेरगावचे असेल तर गाडीचे पैसे गेले की गायिकेच्या हाती सुरुवातीच्या काळात फारसे काही उरत नाही, क्वचित खिशातूनच घालावे लागतात. हे गृहीत धरूनच चालावे. मात्र ‘व्यासपीठ देतो, मानधनाचे काही विचारू नका’ म्हणणाऱ्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला मी माझ्या विद्यार्थ्यांना जाऊ देत नाही. विनामूल्य गायचे ते देवळात, गुरुपौर्णिमेला किंवा जेथे आयोजकही स्वतःच्या खिशातून सतरंजी आणि चहा आणतो अशा बैठकीत, आणि तेथे आनंदाने.

ध्वनिमुद्रणांचा प्रश्न आजकाल पालक हमखास विचारतात. मिनिटभराच्या चित्रफितींनी ओळख होते, परंतु आयोजक आमंत्रण देताना त्यांवर विसंबत नाहीत. एका बैठकीत, एका कॅमेऱ्याने, तोडजोड न करता आणि प्रतिध्वनीचा मुलामा न चढवता मुद्रित केलेला पंचवीस-तीस मिनिटांचा एक राग आणि जोडीला एखादी ठुमरी किंवा अभंग एवढे दरवर्षी नवीन करून ठेवावे. त्यात तानपुरा आणि गळा यांचे नाते ऐकू आले पाहिजे. बंदिश पारंपरिक नसेल तर रचनाकाराचे नाव द्यावे आणि हयात किंवा अलीकडच्या रचनाकाराची असेल तर परवानगी घ्यावी. आपल्या कायद्याप्रमाणे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि सौजन्य तर त्याही पलीकडे टिकायला हवे.

सरकारी वाटा कोरड्या वाटल्या तरी सोडू नयेत. आकाशवाणीची ध्वनिचाचणी द्यावी. ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी तेथे आहेत, स्थानिक चाचणीनंतर मध्यवर्ती मंडळाकडून परीक्षण होते, आणि पुण्याबाहेरच्या आयोजकाला अनोळखी गायिकेविषयी काही खात्री देणारी ही एक जुनी, सर्वमान्य खूण आहे. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती अठरा ते पंचवीस वयोगटासाठी असते, दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपये मिळतात. रक्कम घर चालवण्याजोगी नाही, पण गुरूंकडची तालीम आणि प्रवास त्यातून निघू शकतो, आणि आपल्या मुलीच्या हाती त्यासाठी आता मोजकीच वर्षे आहेत. संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार 2006 पासून दिला जातो, तो अर्थात पुढचा टप्पा. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत निवड झाल्यास तेथे राहून, विद्यावेतन घेऊन गुरूंजवळ शिकता येते. तेथे अर्ज करण्याआधी सध्याच्या गुरूंशी मोकळेपणाने बोलावे, त्यांच्या नकळत करू नये.

आता पोट भरण्याविषयी. केवळ मैफलींच्या मानधनावर संसार चालवणारे शास्त्रीय गायक देशभरात थोडे आहेत आणि त्यांतले बहुतेक चाळिशीनंतर तेथे पोहोचले. बाकीचे आम्ही सगळे शिकवतो. शिकवणे म्हणजे मैफली न मिळालेल्यांचा नाइलाज आहे असे मुलीच्या मनात असेल तर ते आत्ताच काढून टाकावे, कारण या व्यवसायाचा आर्थिक कणा तोच आहे आणि नीट केले तर गाण्यालाही त्याचा फायदा होतो: दुसऱ्याला मारव्याचा रिषभ समजावून सांगताना आपला रिषभ कोठे लागतो ते कळते. धोका वेगळाच आहे. दुपारी चार ते रात्री नऊ लागोपाठ वर्ग, शनिवार-रविवार परीक्षांची तयारी आणि पहाटे परदेशातल्या विद्यार्थ्यांचे ऑनलाइन तास असे वेळापत्रक झाले की पैसे येतात, पण स्वतःचा रियाज संपतो आणि आवाजही. काळी चार किंवा काळी पाचमध्ये (पेटीच्या त्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गाणारी मुलगी जेव्हा पुरुष विद्यार्थ्यांना काळी एकमध्ये आणि लहान मुलांना तिसऱ्याच पट्टीत तासन् तास गाऊन दाखवते, तेव्हा गळ्यावर पडणारा ताण मैफलीपेक्षा किती तरी अधिक असतो. म्हणून पट्टीप्रमाणे विद्यार्थ्यांचे गट करावेत, परक्या पट्टीत स्वतः कमी गाऊन पेटीवर आणि विद्यार्थ्यांकडून अधिक करून घ्यावे, आणि सकाळचे पहिले दोन-तीन तास, खर्जाच्या (खालच्या सुरांच्या) साधनेसकट, कोणालाही विकू नयेत. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर हळद-दुधावर न थांबता स्वरयंत्राची तपासणी करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. रात्री उशिरा जेवून लगेच झोपण्याची सवय आम्हा गाणाऱ्यांना असतेच, आणि आम्लपित्ताने सुजलेल्या स्वररज्जूंना सर्दी समजून वर्षे घालवलेले गायक मी पाहिले आहेत.

पगाराच्या जागा महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आहेत, पण थोड्या. त्यासाठी संगीतातील पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा लागते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरूंच्या हाताखाली शिकत ही पदवी घेता येते, आणि मुलगी तयार असेल तर वाणिज्य पदवीनंतरची दोन वर्षे तेथे घालवावीत असा माझा कौल आहे. पदवीपेक्षाही, त्या दोन वर्षांत दिवसभर गाण्यातच असण्याला घरातून आणि नातेवाइकांतून कोणी हरकत घेत नाही, हा त्याचा मोठा उपयोग.

नोकरी सांभाळून जमेल का, या प्रश्नाला पुण्याकडेच दोन उत्तरे आहेत. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी लष्करी हिशेब खात्यात बरीच वर्षे नोकरी केली. डॉ. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, आकाशवाणीत काम केले, पुढे विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या गात होत्या. म्हणजे नोकरी केली की गाणे संपते असे नाही. परंतु त्या काळची ठरावीक वेळेची कचेरी आणि आजची हिंजवडीपर्यंतच्या प्रवासासकट दिवसाचे बारा तास घेणारी नोकरी यांत फरक आहे. अशी नोकरी करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांचे गाणे टिकते, वाढताना मी क्वचितच पाहिले आहे. अर्धवेळ हिशेबाचे काम, घरून करता येणारे काम किंवा शाळेतली संगीत शिक्षकाची जागा यांपैकी काही मिळाले तर ते घ्यावे. काहीच न मिळाल्यास आणि घरची परिस्थिती परवानगी देत असल्यास आपण तिला पंचविशीपर्यंत राहण्या-जेवण्याची हमी द्यावी, आणि तानपुरा, प्रवास, साथीदार यांचा खर्च तिने शिकवण्यांतून काढावा. ही विभागणी मला योग्य वाटते, कारण पूर्ण आधार मिळालेल्या मुलांना व्यवहार उशिरा कळतो आणि अजिबात आधार नसलेली मुले तिशीआधीच वर्गांच्या चक्रात अडकतात.

तिचे वाणिज्य शाखेचे शिक्षण वाया जाईल अशी खंत आपण व्यक्त केली आहे, ती अनाठायी आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांनी मानधन रोख घेतले, नोंद ठेवली नाही आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर दाखवायला उत्पन्नच नव्हते. मुलीने पहिल्या कार्यक्रमापासून पावती द्यावी, बँकेतून पैसे घ्यावेत आणि दरवर्षी विवरणपत्र भरावे. ठरावीक मर्यादेपुढच्या मानधनातून संस्था साधारणपणे दहा टक्के कर कापून घेतात आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो. न भरणारे कलाकार ते पैसे दरवर्षी सोडून देतात. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही तिला माहीत असावे, म्हणजे एखाद्या कंपनीच्या कार्यक्रमात उगाच त्यावरून अडचण येणार नाही. निमंत्रण फोनवर आले तरी तारीख, वेळ, मानधन, प्रवास, मुक्काम आणि मुद्रण कोण कोठे वापरणार या गोष्टी एका संदेशात लिहून आयोजकाची संमती घ्यावी. मुद्रणाचा मुद्दा विशेषतः, कारण कलाकाराच्या सादरीकरणावर कायद्याने पन्नास वर्षे त्याचा हक्क असतो आणि तो बहुतेक जण न वाचता सही करून देतात.

पदवीची परीक्षा तिने पुरी करावी. त्यानंतरचे पहिले वर्ष मी असे घालवायला सांगेन: गुरूंच्या संमतीने दुपार आणि सायंकाळचे मिळून चार राग निवडून त्यांतच राहणे, ललित कला केंद्राची प्रवेशपरीक्षा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज, मोजके पाच-सहा विद्यार्थी, आणि घरीच महिन्यातून एकदा वीस-पंचवीस माणसांसमोर, ध्वनिवर्धकाशिवाय, तासाभराची बैठक. त्या बैठकीला नातेवाइकांपेक्षा जास्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बोलवावे आणि त्यांना चहाबरोबर स्पष्ट बोलायला सांगावे. पुण्यात त्यासाठी कोणाला फार आग्रह करावा लागत नाही.